मदत हवी आहे: सेटिंग्जची बंदी फक्त एकाच खात्याला कशी लावायची?

विंडोज ११ प्रो असलेला एक संगणक दिवसभर बरेच जण वापरतात. खाती दोन: एक अ‍ॅडमिन, दुसरं सगळ्यांसाठी 'वापर' नावाचं. डिस्प्लेचं स्केलिंग, वॉलपेपर, कीबोर्डची भाषा सतत बदललेली असते. प्रिंटरही काढून टाकला जातो. म्हणून जीपीएडिटमध्ये (विंडोजचे नियम, म्हणजे पॉलिसी, ठरवायचं साधन) 'प्रोहिबिट अ‍ॅक्सेस टू कंट्रोल पॅनेल अँड पीसी सेटिंग्ज' ही पॉलिसी एनेबल केली. आता अ‍ॅडमिनमध्येही सेटिंग्ज उघडत नाहीत. बंदी फक्त 'वापर'ला हवी आहे, आणि त्यालाही आवाज, माउस आणि ब्लूटूथ एवढं खुलं हवं. दुसऱ्या एका संगणकावर होम आवृत्ती आहे, तिथे जीपीएडिटच नाही. तिथे काय करता येईल?

प्रतिसाद: कळफलक

जीपीएडिट थेट उघडलं की त्यातलं यूझर कॉन्फिगरेशन (खात्यांसाठीच्या पॉलिसींचा भाग) त्या संगणकावरच्या प्रत्येक खात्याला लागतं, अ‍ॅडमिन धरून. ही पॉलिसी जीपीएडिटला अडवत नाही, त्यामुळे आधी तिथेच जाऊन ती 'नॉट कॉन्फिगर्ड' करा.

मग विंडोज आणि आर दाबून एमएमसी (विंडोजची व्यवस्थापनाची साधनं जोडून वापरायची खिडकी) चालवा. फाइल मेनूतून अ‍ॅड/रिमूव्ह स्नॅप-इन, त्यात ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट एडिटर, अ‍ॅड. पुढच्या खिडकीत लगेच फिनिश दाबू नका, सगळी गोम तिथेच आहे. ब्राउझ दाबा, यूझर्स टॅबवर जा आणि 'नॉन-अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' निवडा. आता जे बदलाल ते अ‍ॅडमिन नसलेल्यांनाच लागेल. 'वापर' हे खातं स्टँडर्ड प्रकारचं असायला हवं. ते अ‍ॅडमिन गटात असेल तर यातलं काहीही लागणार नाही.

सरसकट मनाईची पॉलिसी तुमच्या कामाची नाही, तिच्यात अपवाद ठेवता येत नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्सखाली कंट्रोल पॅनेलमध्येच 'सेटिंग्ज पेज व्हिजिबिलिटी' आहे, ती एनेबल करून खालच्या चौकटीत एका ओळीत, रोमन लिपीत, हे लिहा:

शोओन्ली:साउंड;माउसटचपॅड;ब्लूटूथ

मध्ये कुठेही स्पेस नाही, 'शोओन्ली' आणि 'माउसटचपॅड' हे जोडूनच. डिस्प्लेचं पान यादीत नसल्यामुळे स्केलिंगचा प्रश्न इथेच मिटतो.

मात्र ही पॉलिसी फक्त नव्या सेटिंग्ज अ‍ॅपपुरती आहे. जुनं कंट्रोल पॅनेल उघडंच राहतं. त्यासाठी त्याच जागी 'शो ओन्ली स्पेसिफाइड कंट्रोल पॅनेल आयटम्स' एनेबल करा आणि यादीत मायक्रोसॉफ्ट.साउंड, मायक्रोसॉफ्ट.माउस ही नावं टाका.

वॉलपेपर वेगळा बंद करावा लागतो, कारण चित्रावर राइट क्लिक करूनही तो बदलता येतो. पर्सनलायझेशनमध्ये 'प्रिव्हेंट चेंजिंग डेस्कटॉप बॅकग्राउंड'. प्रिंटर्समध्ये 'प्रिव्हेंट डिलीशन ऑफ प्रिंटर्स'. भाषेला पॉलिसीची गरजच नाही: विंडोज आणि स्पेसबार दाबून आधी बसवलेल्या भाषाच फिरतात, तेव्हा नको असलेल्या भाषा बंदी लावण्यापूर्वी 'वापर' खात्यातून काढून टाका.

प्रतिसाद: धागाकर्ता

धन्यवाद, अ‍ॅडमिनमध्ये सेटिंग्ज परत आल्या. एमएमसी बंद करताना कन्सोल सेव्ह करायचं का असं विचारतं. नाही म्हटलं, तर बदल जातील का?

प्रतिसाद: कळफलक

जात नाहीत. तो प्रश्न खिडकीच्या मांडणीपुरता आहे. पॉलिसी तुम्ही ओके दाबलं तेव्हाच लिहिली गेली. 'वापर' साइन आउट करून पुन्हा साइन इन करा म्हणजे लागू होईल.

प्रतिसाद: तळघर

होम आवृत्तीबद्दल. तिथे 'सेटिंग्ज पेज व्हिजिबिलिटी'ची तीच नोंद रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे) हाताने करायची, पण एका ठिकाणी बहुतेक जण फसतात. 'वापर'मध्ये बसून अ‍ॅडमिनचा पासवर्ड देऊन रेजएडिट (रजिस्ट्री बदलायचं साधन) उघडलं, तर समोर दिसणारा 'करंट यूझर' हा अ‍ॅडमिन असतो. नोंद त्याच्याच खात्यात पडते आणि बंदी नको त्याला लागते.

म्हणून संगणक रीस्टार्ट करून थेट अ‍ॅडमिनने साइन इन करा. 'वापर' साइन आउट न करता नुसतं स्विच केलेलं असेल तर त्याची रजिस्ट्रीची फाइल (हाइव्ह) वापरात राहते आणि लोड होत नाही. रेजएडिटमध्ये 'एचकी यूझर्स' निवडून फाइल मेनूतलं लोड हाइव्ह घ्या. सी ड्राइव्हच्या यूझर्समधल्या त्या खात्याच्या फोल्डरमध्ये एनटीयूझर.डॅट आहे. ती लपलेली असते, दिसली नाही तर नाव टाइप करा. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर फोल्डरचं नाव ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचं असू शकतं, तेवढं तपासा.

तात्पुरतं काहीही नाव द्या. त्याखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, पॉलिसीज या क्रमाने जा. तिथे 'एक्सप्लोरर' नसेल तर त्या नावाची 'की' (रजिस्ट्रीतला फोल्डर) बनवा. तिच्यात 'सेटिंग्जपेजव्हिजिबिलिटी' या जोडशब्दाची स्ट्रिंग व्हॅल्यू करून वरचीच ओळ टाका. स्टँडर्ड खात्याला पॉलिसीजखाली लिहिण्याचा हक्क नसतो, त्यामुळे 'वापर'मधून कोणी ती पुसू शकत नाही.

शेवटी ते तात्पुरतं नाव निवडून अनलोड हाइव्ह कराच. राहिलं, तर 'वापर' साइन इन करताना त्याची फाइल अडकलेली असते आणि विंडोज रिकामं तात्पुरतं प्रोफाइल उघडतं. फाइल्स गेल्या असं वाटून घाबरायला होतं. अनलोड करून पुन्हा साइन इन केलं की सगळं जागेवर दिसतं.

प्रतिसाद: धागाकर्ता

दोन्हीकडे जमलं. प्रोवरचं हे सगळं पुढे एकदम काढायचं असेल तर प्रत्येक पॉलिसी शोधत बसावं लागेल का?

प्रतिसाद: कळफलक

नाही. पुन्हा एमएमसीतून त्याच यूझर्स टॅबपर्यंत जा. 'नॉन-अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स'समोर 'येस' दिसेल, त्यावर राइट क्लिक करून 'रिमूव्ह ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट' द्या.