१/२०० बिस्मार्क घेतली खरी, आता सुरुवात कुठून करू?

ठाकुर्ली लोकल

मंडळी, नमस्कार. आजवर मॉडेलची विमानं केली, १/३५० मापातली काही जहाजं केली. यंदा बोनसची माती केली आणि ट्रंपेटर कंपनीचं, बिस्मार्क या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन युद्धनौकेचं १/२०० मापाचं मॉडेल किट मागवलं. वर पितळी कठड्यांचा संच आणि चिकटवायचा लाकडी डेक. कस्टमची ड्युटी किती लागली ते घरात सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही.

खोकं दिवाणाखाली जात नाही, म्हणून दिवाणावर आहे आणि मी सतरंजीवर. पूर्ण झाल्यावर सव्वा मीटरची बोट ठेवायची कुठे हा प्रश्न वेगळाच. गोदरेजच्या कपाटावर ठेवली तर दोन्ही टोकं बाहेर लोंबतात.

विचारायचं ते असं. हल (जहाजाचं मुख्य अंग) आधी रंगवू की डेक बसवून मग? जून आलाच, पावसात स्प्रे करावा का? ते काळे-पांढरे पट्टे मला फार आवडतात, पण नेटवर प्रत्येकाचा रंग वेगळा, मग खरा कुठला? भाचा म्हणतो मोटर घालून तळ्यात सोडू, ते कितपत जमेल? आणि शेवटचं, जरा अवघड. डेकवर पुढे-मागे लाल पट्ट्यात नाझी स्वस्तिक आहे. आमच्याकडे सणावाराला माणसं येतात. लावू की नको?

सौ. तक्रार

आमच्याकडे १/३५० चं यामातो टीव्हीखाली आहे. धूळ कोण पुसतं ते विचारू नका. काचेची पेटी आधी करा, बोट मागून करा.

पेन्सिल-कंपास

लोकलराव, अभिनंदन. मी गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी काढली, आता ठाण्याला असतो आणि दुपारची झोप सोडून हेच उद्योग करतो. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

डिंकाची बाटली उघडण्याआधी एक तारीख ठरवा. बिस्मार्कचा खरा रंग कुठला, असं विचारून उत्तर मिळणार नाही. कुठल्या दिवशीचा, असं विचारा. हे जहाज २४ ऑगस्ट १९४० ला नौदलात दाखल झालं आणि २७ मे १९४१ ला बुडालं. नऊ महिन्यांचं आयुष्य, आणि तेवढ्यात त्याने कितीतरी रूपं पालटली. दाखल झाली तेव्हा अंगावर साधा राखाडी रंग होता आणि रेंजफाइंडरसुद्धा (निशाण्याचं अंतर मोजणारी यंत्रं) सगळे बसलेले नव्हते. तुम्हाला आवडतात ते काळे-पांढरे पट्टे बाल्टिकमधले, १९४१ च्या वसंतातले. २१ मे रोजी नॉर्वेत बर्गनजवळ ग्रिमस्टाडफियोर्डमध्ये नांगर टाकून उभी असताना खलाशांनी बाजूला फळ्या सोडून तेच पट्टे राखाडी रंगाने बुजवायला घेतले. त्याच दिवशी ब्रिटिश स्पिटफायरने वरून तिचा फोटो काढला. म्हणजे पट्टेवाली बिस्मार्क तीन दिवसांनी ब्रिटिश युद्धनौका हूडवर तोफा डागताना दाखवलीत, तर जाणकार आल्या पावली परत जाईल. नेटवर अशा ढिगाने आहेत.

तारीख ठरली की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. पुढची पहिली टरेट (तोफांचा फिरता बुरूज), अँटन, बघा. तिच्यावर आधी आडवा रेंजफाइंडर होता, दोन्ही बाजूंना कान काढल्यासारखा. नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, येणारं पाणी त्यावर इतकं आपटायचं की १९४०-४१ च्या हिवाळ्यात तो काढूनच टाकला. बाकीच्या तिघी, ब्रुनो, सेझार, डोरा, यांच्यावर राहिला. तुमची तारीख मे असेल तर अँटनवर कान नकोत. मागच्या बाजूला विमानविरोधी तोफांची जी दोन नियंत्रण केंद्रं आहेत, त्यांच्यावर गोल घुमट बसवलेच गेले नाहीत. पुढच्या दोनवर आहेत. शिवाय १०.५ सेंमीच्या जोडतोफा पुढच्या चार वेगळ्या बनावटीच्या, मागच्या चार वेगळ्या. सगळ्या आठ सारख्या लावू नका.

फोटो जमवताना एक चाळणी लावा. बिस्मार्क म्हणून फिरणारे पुष्कळ फोटो तिच्याच बनावटीच्या धाकट्या बहिणीचे, टिर्पिट्झचे असतात. धुराड्याजवळच्या क्रेन बघायच्या. टिर्पिट्झवर त्या एक मजला वर आहेत. पाणतीर सोडायच्या नळ्या दिसल्या तर विषयच मिटला, बिस्मार्कवर त्या नव्हत्याच.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर डोंबिवली-ठाकुर्लीच्या हवेत लॅकर मारू नका. दमट हवेत तो पांढुरका पडतो, ब्लश होतो, आणि सव्वा मीटरच्या हलवर तो डाग लपत नाही. पावसाळा सांगाड्याच्या कामाला द्या. सगळे स्प्रू (सुटे भाग ज्यात जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी) विम आणि कोमट पाण्याने धुवा. साच्याचं तेल राहिलं तर रंग सोलून निघतो. गोल खिडक्या पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) भोकं पाडून मोकळ्या करा. पितळी पत्र्याचे भाग कापून, वाकवून, डब्यांत नंबर टाकून ठेवा. फटी भरायला मी एम-सील वापरतो, ओल्या बोटाने गुळगुळीत करून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी घासायचं. कंप्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावाच. थिनरचा स्प्रे स्वयंपाकघराच्या बाजूला चुकूनही नको, गॅसची शेगडी आहे हे ध्यानात ठेवा. मास्क कार्ट्रिजवाला घ्या, कापडी नव्हे.

पेटीचं सौ. तक्रार यांचं बरोबर आहे, मी आणखी मागे जातो. डेक चिकटवण्याआधी हलच्या तळाला दोन भोकं पाडून आतून नट पक्के करा, इपॉक्सी लावून. तुमची बोट पुढे ज्या फळीवर उभी राहणार, तिचे बोल्ट त्यात जाणार. डेक लागल्यावर आत हात जात नाही, वरातीमागून घोडं काय कामाचं. फळी आणि पेटी मिळून दीड मीटरच्या आसपास धरा, आणि तुमच्या लिफ्टचं व जिन्याच्या वळणाचं माप आत्ताच घ्या.

क्रम माझा असा: हलला प्राइमर, तांबडा तळ, पाणरेषेची काळी पट्टी, राखाडी बाजू. मग डेकचं प्लॅस्टिक. त्यावर लाकडी डेक, पण तो चिकटवण्याआधी प्रत्येक भोक खालच्या खुंटीला जुळतं की नाही ते कोरडं बसवून बघा. वरचे मजले, मनोरा, धुराडं हे सगळं वेगवेगळं रंगवून आणायचं. कठडे सर्वांत शेवटी, मध्यातून बाहेरच्या दिशेने. कठड्याला फेव्हिक्विक सुईच्या टोकाने लावा, बाटलीने थेट नको. जादा झालं तर भोवती पांढरी वाफ धरते.

डोळ्यासमोर असावं म्हणून हिशोब सांगतो. १/२०० मध्ये माणूस साडेआठ मिलिमीटरचा. मीटरभर उंचीचा कठडा पाच मिलिमीटर. मुख्य तोफेचं तोंड ३८ सेंमी, म्हणजे तुमच्या मॉडेलवर १.९ मिलिमीटरचं भोक. बाजूचं चिलखत जास्तीत जास्त ३२० मिलिमीटर जाड, म्हणजे १.६ मिलिमीटर. हे आकडे डोक्यात असले की किटमधला एखादा भाग जाडजूड वाटला तर तो खरंच जाड आहे का ते कळतं. जहाजावरचं आराडो विमान पंखांसकट सव्वासहा सेंटिमीटरचं होईल. ते नीट करा, सगळ्यांची नजर आधी तिथेच जाते.

भाच्याला सांगा, जमेल, पण वजन मोजून. वजन स्केलच्या घनाने कमी होतं. पूर्ण भरलेली बिस्मार्क सुमारे ५०,००० टन. त्याला ८० लाखांनी भागा, सव्वासहा किलो येतात. मोटर, बॅटरी, शिसं सगळं धरून तेवढं भरलं तरच ती पाणरेषेपर्यंत बसेल. हलकी ठेवली तर उथळ तरंगेल आणि वाऱ्याने कलेल. वेग वर्गमुळाने. खरी ३० नॉट, तुमची सेकंदाला एक मीटरच्या थोडी वर. भाच्याला हे फार हळू वाटेल. माझं मत विचाराल तर एवढे पितळी कठडे लावून पाण्यात सोडू नये. एक हल तळ्यासाठी, एक कपाटासाठी. खिशाला परवडलं तर.

आणि कृपा करून गंज लावू नका. हल्ली प्रत्येक युद्धनौकेवर तांबूस ओघळ काढायची फॅशन आलीय. हे जहाज वर्षाचंही नव्हतं, आणि नॉर्वेत अंगावर ताजा रंग चढलेला. भाऊच्या धक्क्यावरची लाँच करून ठेवू नका तिची. नांगराच्या भोकाखाली थोडा ओघळ, पाणरेषेवर मिठाचा पांढुरका पट्टा, बस्स. राखाडी मात्र डबीतला जसाच्या तसा नको, थोडा पांढरा मिसळा. मीटरभरावरून बघणारा माणूस म्हणजे खऱ्या जहाजापासून दोनशे मीटरवर उभा आहे, मधली हवा रंग फिका करते.

सुकाणू

सगळं छान, पण जर्मनांचंच जहाज कशाला? आपलं आयएनएस दिल्ली करा की. मूळची एचएमएस अकिलीस, १३ डिसेंबर १९३९ ला रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मन युद्धनौका ग्राफ श्पेला भिडलेली. १९४८ मध्ये आपल्याकडे आली, १९७८ मध्ये मुंबईतच भंगारात गेली. लांबी १६९ मीटर, म्हणजे १/२०० मध्ये ८५ सेंमीच्या आत. गोदरेजच्या कपाटावर सुखाने मावेल!

पेन्सिल-कंपास

सुकाणू, मुद्दा मान्य, पण ती क्रूझर आहे आणि ह्यांनी पैसे खर्चून बॅटलशिप आणून ठेवलीय. लग्न ठरल्यावर दुसरी स्थळं दाखवू नयेत. दिल्लीचा धागा वेगळा काढा, मी रेखाटनं घेऊन येतो.

एल्बेकाठचा

हॅम्बुर्गहून लिहितोय. लांडुंग्सब्रुकेनला, म्हणजे इथल्या धक्क्यावर, उभं राहिलं की समोरच्या काठावर ब्लोम उंड फॉसची गोदी दिसते. बिस्मार्क तिथेच बांधली, १४ फेब्रुवारी १९३९ ला पाण्यात सोडली. पाहुणे आले की मी ती दाखवतो, त्यांना बहुधा फिशब्रोटशेनमध्ये (मासा घातलेल्या पावात) जास्त रस असतो. इथल्या सागरी संग्रहालयात १/१२५० ची इवली जहाजं हजारोंनी मांडली आहेत. त्यात बिस्मार्क वीस सेंटिमीटरची होते. लोकलराव, जागेचा प्रश्न मिटवायचा तर तोही मार्ग आहे.

स्वस्तिकाबद्दल. जर्मनीत ते चिन्ह जाहीरपणे दाखवायला कायद्याने बंदी आहे, शिक्षण, कला, संशोधन वगैरे अपवाद सोडून. त्यामुळे इथे दुकानातल्या खोक्यांच्या चित्रांत ते गाळलेलं असतं. प्रदर्शनातही मॉडेलवाले नुसता लाल पट्टा आणि पांढरं वर्तुळ ठेवतात, नाहीतर वर ताडपत्री पसरलेली दाखवतात. डेकवरचं ते चिन्ह आपल्याच विमानांनी आपल्यावर बॉम्ब टाकू नयेत म्हणून होतं. ताडपत्रीचा उपाय मला आवडतो. टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून, सुरकुत्या पाडून, ताडपत्रीचा रंग दिला की झालं. सणाला आलेल्या आत्याला समजावत बसावं लागत नाही.

एक सांगतो, कंटाळा येणार नसेल तर. पाटीवर फक्त बिस्मार्कचं नाव घालू नका. २४ मे १९४१ ला हूडवरची १४१५ माणसं गेली, तिघे वाचले. तीन दिवसांनी बिस्मार्कवरच्या दोन हजारांहून जास्त माणसांतली शंभर-सव्वाशेच वाचली. माझ्या टेबलावरच्या पाटीवर दोन्ही जहाजांची नावं आहेत.

ठाकुर्ली लोकल

सगळ्यांचे आभार. सुकाणू, तुमची दिल्ली पुढच्या बोनसला.

तारीख ठरवली: २४ मे १९४१, सकाळ, डेन्मार्क सामुद्रधुनी. पट्टे गेले, जीव थोडा हळहळला. ताडपत्री पक्की. मोटर रद्द, भाचा रुसलाय. लिफ्टचं माप घेतलं, पेटी तिरकी करून जाईल.

आता पुढचं. तोफांच्या नळ्या किटमधल्या दोन अर्ध्या जोडून करायच्या, की पितळी घेऊ? आणि त्या सकाळचं आणखी काय काय दाखवायचं?

पेन्सिल-कंपास

पितळी. नळी साधारण ९८ मिलिमीटर येते, आणि एवढ्या लांबीवर प्लॅस्टिकची शिवण घासताना गोलाई जाते. विकतच्या महाग वाटल्या तर माप काढून द्या, ठाण्याला किंवा अंबरनाथला लेथवाला करून देईल. आठ एकसारख्या हव्यात, म्हणून एकाच माणसाकडून एकाच दिवशी करून घ्या. आदल्या संध्याकाळी ब्रिटिश क्रूझर नॉर्फोकवर झाडलेल्या आपल्याच तोफांच्या हादऱ्याने पुढचं रडार बंद पडलं होतं, म्हणून सोबतची जर्मन क्रूझर प्रिन्झ ऑयगन पुढे आणि बिस्मार्क मागे. म्हणूनच तर प्रिन्झ ऑयगनवरून काढलेले तिचे फोटो आपल्याला मिळाले. ते प्रिंट काढून भिंतीवर चिकटवा.

सकाळ म्हणालात, तर कितीची ते ठरवा. हूडच्या सोबतच्या ब्रिटिश युद्धनौकेचे, प्रिन्स ऑफ वेल्सचे, तीन गोळे तिला लागले. एक नाळेत, तिथून सुमारे दोन हजार टन पाणी आत आलं, जहाज पुढून खाली बसलं आणि डावीकडे कललं, मागे तेलाची रेघ. दुसऱ्याने मध्यभागी बोटींच्या जागेची नासधूस केली. २७ तारखेला जहाजाची युद्धडायरी घेऊन आराडो सोडायचं ठरलं तेव्हा कळलं की कॅटपल्टची (विमान उडवून सोडणाऱ्या यंत्राची) हवेची नळी त्यातच फुटली आहे. लढाईनंतरची वेळ घेतलीत तर हे सगळं दाखवावं लागेल. तुमची पूर्ण हलची बोट फळीवर बोल्टने उभी राहणार, तिला कललेली कशी दाखवणार? म्हणून लढाईची वेळ घ्या, गोळे लागण्याआधीची.

टरेट चारही डाव्या बाजूला वळवा, हूड आणि प्रिन्स ऑफ वेल्स त्याच बाजूने आल्या. नळ्या मात्र दिवाळीच्या बाणासारख्या आकाशाला लावू नका. कमाल कोन ३० अंश होता, पण हूड फुटली तेव्हा अंतर सोळा-अठरा किलोमीटरचं, त्याला एक तृतीयांशाच्या आसपास पुरतो. पुठ्ठ्याचा १० अंशांचा त्रिकोण कापा, नळीखाली धरून एकेक चिकटवा.