स्टॅक्सच्या संगीतात मैत्रीचा वाटा किती?

प्रश्न – जुनी तबकडी

ब्लूज आणि गॉस्पेलपासून सोलपर्यंतचा अमेरिकन संगीताचा प्रवास बहुधा गायक आणि कंपन्या यांच्या अंगाने सांगितला जातो. १९६०च्या दशकात, वर्णभेदाने विभागलेल्या मेम्फिस शहरात, स्टॅक्स कंपनीच्या स्टुडिओत गोरे आणि कृष्णवर्णीय वादक रोज एकत्र वाजवत असत, असे वाचले. त्यांच्या मैत्रीचा त्या संगीताच्या घडणीत खरोखर वाटा होता, की ती मागाहून रंगवलेली कहाणी आहे? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

ठेका

वाटा होता, आणि तो ऐकूही येतो. स्टॅक्सचे संस्थापक जिम स्ट्युअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी १९६० मध्ये मॅकलेमोर अव्हेन्यूवरचे एक जुने चित्रपटगृह भाड्याने घेतले. खुर्च्या काढल्या, पण पडद्याकडे उतरत जाणारी जमीन तशीच ठेवली. लागूनच एस्टेलबाईंचे रेकॉर्डचे दुकान होते, जिथे वस्तीतली मुले तासन्‌तास रेंगाळत, बुकर टी. जोन्स त्यांपैकीच एक. १९६२ मध्ये दुसऱ्याच एका ध्वनिमुद्रणासाठी जमलेले वादक रिकाम्या वेळात वाजवू लागले आणि ‘ग्रीन अनियन्स’ ही शब्दांविना रचना आकाराला आली, तेव्हा ऑर्गनवर बसलेला बुकर अवघा १७ वर्षांचा होता.

याच वादकांपैकी कृष्णवर्णीय ॲल जॅक्सन चार ठोक्यांतला दुसरा आणि चौथा ठोका ड्रमवर केसभर उशिरा देत, आणि गोरे स्टीव्ह क्रॉपर यांची गिटार नेमकी त्याच क्षणी पडे. असे वाजवणे कागदावर लिहून देता येत नाही; समोरच्याचा हात कधी खाली येणार हे अंगवळणी पडावे लागते, आणि ते वर्षानुवर्षांच्या सहवासाशिवाय साधत नाही.

हिशेबनीस

सहमत आहे, पण नाण्याची दुसरी बाजूही पाहावी. स्ट्युअर्ट यांचा, स्टॅक्सच्या रेकॉर्ड वितरित करणाऱ्या ॲटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलर यांच्यावर इतका विश्वास होता की, १९६५ चा वितरण करार त्यांनी बारकाईने न वाचताच सही करून टाकला. ॲटलांटिकने वितरित केलेल्या ध्वनिमुद्रणांची मालकी त्याच कंपनीकडे गेली आहे, हे १९६८ मध्ये ॲटलांटिकशी काडीमोड घेताना उमगले. त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची मेम्फिसमधल्याच लोरेन मोटेलमध्ये हत्या झाली. क्रॉपर आणि कृष्णवर्णीय गायक एडी फ्लॉइड यांनी ‘नॉक ऑन वूड’ हे गाणे ज्या मोटेलमध्ये रचले, ते हेच. त्यानंतर स्टुडिओतला मोकळेपणा पूर्वीसारखा राहिला नाही. मैत्रीने गाणी दिली हे खरे. तिच्या भरवशावर कंपनी चालवणे मात्र महागात पडले.

रात्रपाळी

आपण स्टॅक्सच्याच बार-केज या वाद्यवृंदाचा विचार केलेला दिसत नाही. १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमधील मोनोना तलावात विमान कोसळले, त्यात स्टॅक्सचे गायक ओटिस रेडिंग यांच्यासह बार-केजचे चार तरुण वादक गेले. ट्रम्पेटवादक बेन कॉली एकटे वाचले. बासवादक जेम्स अलेक्झांडर त्या विमानात नव्हते. या दोघांनी नवे साथीदार जमवून तेच नाव पुन्हा उभे केले, आणि १९६९ मध्ये स्टॅक्सचेच गायक आयझॅक हेज यांच्या ‘हॉट बटर्ड सोल’ या संग्रहाला बार-केजनेच साथ दिली. रेडिओवर तीनेक मिनिटांच्या गाण्यांची चलती असताना त्या संग्रहात एकच गाणे १८ मिनिटांहून अधिक चालते. सोलला तीन मिनिटांच्या चौकटीबाहेर नेणारी ही साथ त्या दोघांच्या जिद्दीतून उभी राहिली होती, त्यामुळे हिशेब मांडताना करारांच्या शेजारी तिचीही नोंद करावी.