स्टेज २ गाडी आणि पीयूसी: पास झाली म्हणजे प्रश्न मिटला का?

टर्बोतात्या (धागाकर्ता)
परवा दिल्लीच्या हवेवरच्या चर्चेत एका सदस्याने लिहिलं, की रीमॅप केलेल्या (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेल्या) सगळ्या गाड्या उचलून भंगारात घाला, या गाड्या पीयूसी पास होतात त्या फक्त चिरीमिरीवर. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

माझी ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २०१७ ची, बीएस ४. कंपनीतून निघाली तेव्हा २३० पीएस. आता स्टेज २ आहे, म्हणजे टर्बोमागचा मोठा पाइप (डाउनपाइप), त्यात २०० सेलचा (चौरस इंचाला २०० छिद्रांचा) स्पोर्ट्स कॅट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, हवा आत घेणारा इनटेक आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा, नवा मॅप. तीनशेच्या पुढे घोडे. आणि ती पीयूसी सरळ पास होते, कोणाच्या हातावर काही न ठेवता.

यात जादू नाही. बीएस ४ पेट्रोल चारचाकीला आयडलवर (पाय न दाबता) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. मग २५०० आरपीएमच्या आसपास धरून कार्बन मोनॉक्साइड ०.२ च्या आत आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण (१ म्हणजे नेमकं), ०.९७ ते १.०३. या दोन्ही वेळी ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून पेट्रोल मोजूनमापून टाकत असतो. मॅप कितीही आक्रमक असो, हलक्या पायाखाली गाडी लॅम्डा १ वरच चालते. जास्तीचा बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) तुम्ही पाय दाबल्यावर येतो.

कायद्याने आकडे ठरवले, मी त्या आकड्यांत बसतो. मग आम्हालाच गुन्हेगार का म्हणता? सिंहगड रोडवर पाण्याच्या टँकरच्या मागे उभं राहून बघा एकदा.

अनुजा_के
तात्या, आकडे बरोबर दिलेत, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

पीयूसीत गाडी उभी असते, इंजिनावर लोड शून्य. नायट्रोजन ऑक्साइड्स मोजलेच जात नाहीत. पेट्रोल गाडीचे सूक्ष्म कणही नाहीत. ताप नाही म्हणून माणसाचं हृदय ठणठणीत असल्याचा दाखला द्यावा, तसं हे प्रमाणपत्र. तुम्ही एक्स्प्रेसवेवर पाय पूर्ण दाबता तेव्हा टर्बो आणि पिस्टन थंड राहावेत म्हणून मॅप जादा पेट्रोल ओततो, लॅम्डा एकच्या बराच खाली जातो आणि कार्बन मोनॉक्साइड उसळतो. थ्री-वे कॅट लॅम्डा १ च्या अगदी अरुंद पट्ट्यातच तिन्ही वायू सांभाळतो. त्या पट्ट्याच्या बाहेर तुमचा कॅट असून नसल्यासारखा.

कॅटबद्दलही बोलू. कंपनीचा कॅट साधारण ४०० ते ६०० सेलचा असतो. २०० सेल म्हणजे वायूला स्पर्श होणारा पृष्ठभाग कमी. वर तो टर्बोपासून लांब बसवला असेल तर तापायला उशीर. कॅट अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे गेल्याशिवाय नीट काम करत नाही, आणि आधुनिक पेट्रोल गाडीचं बरंचसं हायड्रोकार्बन गार इंजिन सुरू केल्यावरच्या पहिल्या एक-दोन मिनिटांत बाहेर पडतं. पीयूसीला मात्र तुम्ही गाडी तापवून नेता.

कायद्याचं म्हणाल तर पीयूसी पास म्हणजे गाडी कायदेशीर, असं नाही. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ वेगळं आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की निर्मात्याच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२ए(४) आलं: मालकाने केलेल्या प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

एक थेट प्रश्न: तुमच्या मॅपमध्ये कॅटच्या मागचा, कॅट काम करतो का हे बघणारा ऑक्सिजन सेन्सर चालू आहे की बंद?

फुटपाथवरचा
पीयूसीवर एवढी विद्वत्तापूर्ण चर्चा प्रथमच वाचली. आमच्याकडच्या एका व्हॅनमध्ये गाडी न नेता नुसता नंबर प्लेटचा फोटो दाखवून प्रमाणपत्र मिळायचं. लॅम्डा वगैरे त्या माणसाने ऐकलं असेल तर देव पावला. चालू द्या.

बे_एरियातला_बंड्या
कॅलिफोर्नियातून लिहितोय. इथे याला स्मॉग चेक म्हणतात. नवी गाडी पहिली आठ वर्षं सुटते, नंतर एक वर्षाआड. माझ्याकडे सुबारू डब्ल्यूआरएक्स आहे, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

गंमत अशी, की २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये इथे नळीच घालत नाहीत. ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या संगणकाच्या सॉकेटला, केबल लावतात. गाडीने स्वतःच्या अंतर्गत चाचण्या पूर्ण केल्यात का, हे त्यात दिसतं. त्याला रेडिनेस मॉनिटर म्हणतात, आणि इव्हॅपचा (पेट्रोलच्या वाफा अडवणाऱ्या यंत्रणेचा) एक सोडला तर सगळे पूर्ण लागतात. पूर्वी लोक आदल्या दिवशी स्टॉक (कंपनीचा मूळ) मॅप टाकून यायचे, पण मेमरी पुसली की मॉनिटर अपूर्ण दिसतात आणि गाडी परत पाठवतात. १९ जुलै २०२१ पासून तर सॉफ्टवेअरचा ठसाच तपासतात. कॅलिब्रेशनचा क्रमांक निर्मात्याच्या किंवा राज्याने मंजूर केलेल्या सॉफ्टवेअरशी जुळला नाही तर नापास, धूर कितीही स्वच्छ असो.

शिवाय बॉनेट उघडून बघतात. बाहेरचा इनटेक असेल तर त्यावर राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक हवा, इथली मंडळी त्याला ईओ नंबर म्हणतात. तो असेल तर हवं ते बसवा, कोणी विचारत नाही. वाद झालाच तर रेफरीकडे, म्हणजे अशा गाड्यांच्या अधिकृत तपासनिसाकडे, जायचं. इंजिन बदललेल्या गाड्याही त्याच्याकडेच जातात.

हे सगळं शहाणपणाचं आहे असंही नाही. स्टिकर नसलेल्या साध्या इनटेकवर चकाचक गाडी नापास होते आणि १९७५ किंवा त्याआधीची काळा धूर ओकणारी खटारा तपासणीतूनच मुक्त! पण मला अनुजांचं पटतं. माझ्या मते नळकांड्यातल्या आकड्यापेक्षा कॅट जागेवर आहे का आणि गाडी स्वतःवर नजर ठेवते का, हे जास्त महत्त्वाचं.

टर्बोतात्या
बंड्या, तूच माझा मुद्दा मांडलास. तुमच्याकडे ईओ नंबर आहे! म्हणजे पार्ट बनवणाऱ्याने चाचणी देऊन मंजुरी आणायची, ग्राहकाने निर्धास्त बसवायचा. इथे मला स्वच्छ राहून गाडी वेगवान करायची असेल तर दरवाजा कुठे आहे? सांगा ना. मी कोणाकडे अर्ज करू?

आणि असा दरवाजा आपल्याला बांधता येत नाही असंही नाही. सीएनजी किटचं बघा. बाहेरच्या कंपनीचं किट, एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेची मंजुरी, अधिकृत ठिकाणी फिटिंग आणि आरसीवर नोंद. २०२२ पासून बीएस ६ पेट्रोल गाड्यांनाही ही सोय झाली. इंधनच बदललं तरी चालतं! मग त्याच एआरएआयच्या टेकडीवर माझा डाउनपाइप आणि मॅप तपासून शिक्का का मारता येऊ नये? फी भरतो मी.

अनुजाताई, उत्तर देतो. सेन्सर चालू आहे. पण पी०४२० हा, कॅट कमी काम करतोय असं सांगणारा कोड मॅपमध्ये गप्प केलाय, कारण २०० सेलला तो लागतोच. लपवाछपवी नाही, पावतीवर लिहिलेलं आहे.

कोल्हापुरी_डिझेल
पेट्रोलवाल्यांनो, तुमचं बरं चाललंय. आमची बीएस ६ डिझेल एसयूव्ही. गावात पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या, डीपीएफ (धुरातले कण अडवणारा फिल्टर) आतली काजळी जळून साफ व्हायला वेळच मिळत नाही. दिवा लागतोय, गाडी लिंप मोडमध्ये जातीय, ताकदच मिळत नाही, आणि नवीन फिल्टरचा खर्च ऐकून घरी सांगायची हिंमत होईना. गॅरेजवाला म्हणतो, काढून टाकू, मॅपमधून बंद करू, पीयूसीत धूर पास होतोय. काय चुकलं राव त्याचं? गाडी माझी, हप्ते माझे.

अनुजा_के
@कोल्हापुरी_डिझेल: चुकलं ते असं, की तुमच्या पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्यांत शाळकरी पोरं तुमच्या सायलेन्सरच्या उंचीवर चालत असतात. पीयूसीचं धूरमापक यंत्र धुराची अपारदर्शकता बघतं. डीपीएफ जे अडवतो ते अतिसूक्ष्म कण त्याला धड दिसतही नाहीत. तेवढ्यासाठी जर्मनीत जुलै २०२३ पासून युरो ६ डिझेलचे कण मोजायला लागलेत. फिल्टर काढू नका. आठवड्यातून एकदा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं वरच्या आरपीएमला चालवा. तरीही जमत नसेल तर तुमच्या वापराला डिझेल गाडी योग्य नव्हती.

@तात्या: पावतीवर लिहिलं म्हणून काय झालं? २०१५ चं फोक्सवॅगन प्रकरण आठवा. चाचणी चालू आहे हे ओळखून वेगळं वागणारं सॉफ्टवेअर. भारतात एआरएआयच्या चाचण्यांनंतर सुमारे ३.२३ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तेव्हा आपण सगळ्यांनी कंपनीला शिव्या घातल्या. मग गाडीला 'कॅट ठीक आहे' असं कायम म्हणायला लावणारा मॅप वेगळा कसा? उद्या तो कॅट खरंच मेला तरी तुमच्या डॅशबोर्डवर दिवा लागणार नाही.

सीएनजीचा मुद्दा मात्र दमदार आहे. मंजुरीची वाट असावी, याला माझा पाठिंबा. पण चाचणी पूर्ण ड्रायव्हिंग सायकलवर झाली पाहिजे, गार इंजिनापासून. बहुतेक स्टेज २ किट तिथेच गळतील.

टर्बोतात्या
कॅट मेला तर पीयूसीत कळेल.

अनुजा_के
वर्षातून एकदा. तेही फुटपाथवरच्यांच्या व्हॅनमध्ये नेली नाहीत तर.

स्टुटगार्टकर
इथे बदल करून घ्यायला बंदी नाही, पण पार्टसोबत चाचणीचा अहवाल लागतो, तपासनीस गाडी बघतो आणि बदल गाडीच्या कागदांत नोंदला जातो. विमा कंपनीलाही कळवायचं. काही वर्षं ओबीडीवर भागवत होते, २०१८ पासून प्रत्येक गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी पुन्हा सक्तीची केली. सगळं महाग आणि कंटाळवाणं. पण तात्या म्हणतात तो दरवाजा हाच.

गॅरेज_मास्तर
सगळे हुशार लोक बोलून झाले असतील तर हातकाळ्याचं ऐका. माझ्याकडे मॉडिफाय केलेल्या ज्या गाड्या पीयूसीत नापास होऊन येतात, त्या बहुतेक जास्त पॉवरमुळे आलेल्या नसतात. डाउनपाइपच्या जोडाला गळती असते, तिथून हवा ओढली जाते आणि लॅम्डा भलतंच दाखवतो. तेल लावलेला फिल्टर जास्त ओला करून बसवलेला असतो, ते तेल हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरवर जातं. नाहीतर प्लग तेच जुने ठेवून बूस्ट वाढवलेला, मिसफायर होतंय, कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन कॅट आतून वितळलाय. अशा वेळी हायड्रोकार्बन आधी चढतं. हे सगळं स्टॉक गाडीतही होतं, फक्त इथे लवकर.

आणि डीकॅटवाले, म्हणजे कॅटच काढून टाकणारे, वेगळेच. पीयूसीपुरता जुना पाइप बसवायचा, दुपारी परत काढायचा. मी दोन्ही वेळची मजुरी लावायचो, आता ते कामच घेत नाही. गोल गोल फिरण्यापेक्षा त्यांनी कॅट ठेवावा, पाच-दहा घोडे कमी झाले तर कात्रजच्या घाटात कोणाला कळणार आहे?

तुमच्या दोघांच्या भांडणाला माझं उत्तर सोपं आहे. डायनोवर (जागेवरच चाकं फिरवून लोड देणाऱ्या यंत्रावर) गाडी चढवा, मागे गॅस अ‍ॅनलायझर लावा आणि लोडखाली मोजा. आधी स्टॉक मॅप आणि स्टॉक कॅट, मग स्टेज २. आकडे इथे टाका. पीयूसीच्या कागदावरून कितीही भांडलात तरी हे कळायचं नाही.

टर्बोतात्या
मास्तर, मला मान्य आहे. स्टॉक कॅट माळ्यावर आहे, मॅप अर्ध्या तासात परत टाकता येतो. डायनोचं भाडं आणि दोन वेळची मजुरी कोण देणार, तेवढं अनुजाताईंनी आधी सांगावं.

अनुजा_के
अर्धं मी देते. पण गाडी रात्रभर गार ठेवून आणायची, आणि सुरू केल्याच्या पहिल्या सेकंदापासून मोजायचं.