कारवान कुत्रीला शिट्टीवर परत यायला कसं शिकवायचं?

मळ्यावरचा_जुन्नर:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे दीड वर्षाची कारवान आहे, चिमणी. घरात एकदम शहाणी, ये म्हटलं की येते, पण रानात ससा दिसला की सुसाट सुटते आणि मग घसा बसेपर्यंत हाका मारल्या तरी मागे वळून बघत नाही. आमच्या पट्ट्यात सगळीकडे ऊस आणि उसात बिबट्या, त्यामुळे ती उसाकडे पळाली की जीव टांगणीला लागतो. शिट्टीवर शिकवता येतं म्हणतात. माणसाला ऐकू न येणारी घ्यावी का साधी? आणि घरात कुकरच्या शिट्ट्या, समोर शाळेच्या ग्राउंडवर पीटीच्या सरांची शिट्टी, गोंधळ नाही ना होणार तिचा?

शिकारी_जातीवाला:
आधी घरातच सुरू करा. तीन छोट्या फुंका, पिप पिप पिप, आणि लगेच तोंडात उकडलेली कलेजी किंवा चिकनचा तुकडा. शिट्टी आधी, खाऊ नंतर, हा क्रम अजिबात उलटा होऊ देऊ नका, खाऊ दिसल्यावर शिट्टी वाजवली तर ती खाऊकडे बघून येते, शिट्टी तिच्या कानावरून जाते. आवाज ऐकून मान गर्रकन वळायला लागली की अंगणात, मग रानात, पण रानात दहाएक मीटरचा दोर लावूनच, आणि तो छातीच्या पट्ट्याला, गळ्यात नको, कारवान पूर्ण वेगात असताना दोर संपला तर मानेला जबर हिसका बसतो. शिट्टी एकदाच. आली नाही म्हणून वाजवतच राहिलात तर न येताही चालतं हेच शिकते ती. आणि आली की दर वेळी बांधू नका हो, पट्टा धरा, खायला द्या, परत सोडा. आंघोळ, औषध असल्या कामांसाठी शिट्टी वाजवायचीच नाही, तेव्हा सरळ जाऊन धरून आणा.

कानोसा:
ऐकू न येणारी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. ती फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७६ साली काढली, मुळात कान कुठवर ऐकतो ते तपासायला. आपला कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत जातो, कुत्र्याचा साधारण ४५ हजारपर्यंत, त्यामुळे तिला ऐकू येईल, पण शिट्टीचा सूर जुळवायचा स्क्रू ढिला होऊन सूर बदलला तर तुम्हाला कळणारच नाही. शिवाय इतका बारीक आवाज लांबवर पोचेपर्यंत विरतो, त्यात उभा ऊस मध्ये. शिकारी कुत्र्यांसाठी आत गोळी नसलेली प्लास्टिकची शिट्टी मिळते ती घ्या. त्यावर २१०.५, २११.५ असा नंबर असतो, तो सुराचा नंबर, हरवली तर त्याच नंबरची आणायची. पीटीच्या शिट्टीत गोळी असते म्हणून ती थरथरत वाजते, हिचा सूर सरळ, आणि कुकरची तर एकच लांब फुसकारी, तुमच्या तीन तुटक फुंकांशी कुत्रं घोळ करत नाही.

रानवाटा:
वरचं सगळं बरोबर, पण कारवान नजरेवर शिकार करणारी जात आहे, एकदा ससा पुढे आणि ही मागे लागली की कुठलीच शिट्टी भरवशाची नाही. पळण्याच्या आधीचा क्षण पकडायला शिका. कान ताठ होतात, अंग थिजतं, पुढचा एक पाय अर्धवट उचललेला राहतो, तेवढ्यात वाजवा. सोबत थांबण्याची पण शिट्टी शिकवा, एकच लांब फुंक. इंग्लंड-स्कॉटलंडला मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कॉलीला डावीकडे, उजवीकडे, थांब, पुढे चल अशा वेगवेगळ्या शिट्ट्या असतात. आपल्या धनगरांची कुत्री राखणीची, त्यांचं काम वेगळं. तुम्हाला ये आणि थांब एवढं पुरे. आणि बिबट्याचं म्हणाल तर शिट्टी कितीही पक्की झाली तरी दिवस कलल्यावर मोकळी सोडूच नका, रात्री बंद खोलीत ठेवा, ओसरीवर साखळीला तर मुळीच नको, तिला पळताही येत नाही.

मळ्यावरचा_जुन्नर:
खूप आभार सगळ्यांचे, आजपासून रात्री आत. आईने वाजवली तरी चालेल ना? दिवसभर तिच्यासोबत आईच असते.

शिकारी_जातीवाला:
चालेल की, उलट बरंच. हाकेत राग, घाई, भीती सगळं उतरतं, शिट्टी कोणीही वाजवा तशीच वाजते. फक्त फुंका तीनच, आणि आईंच्याही खिशात कलेजीची डबी हवी.