झाडं मोजून फूटप्रिंट कळत नाही

मीटरवाला:
काल इथे 'जुनीवेस' यांनी लिहिलं, "आमच्या विद्यापीठात शेकडो एकर झाडी आहे, पर्यावरणीय फूटप्रिंट मोजणं म्हणजे नॅकच्या (विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फायलीसाठी पैसे उधळणं." वाचून राहवलं नाही. झाडी आवारात आहे, पण आपण खातो-जाळतो ते बाहेरून येतं. मेसचा गहू, विजेसाठी जळणारा कोळसा, प्रबंधांचे कागद. हे पुरवायला आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड शोषायला किती जमीन लागते, तोच फूटप्रिंट. हाच प्रश्न रीस आणि वाकेरनागेल या संशोधकांनी 1990च्या दशकात कॅनडातल्या विद्यापीठात बसून मांडला.

आमच्या लॅबमधल्या उणे 80 अंशांच्या जुन्या फ्रीझरला मी महिनाभर मीटर लावला. रोजची 18 युनिटं. ग्रिडच्या युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे वर्षाला साडेचार टन! आत काय, तर कधीच पास होऊन गेलेल्या मुलांच्या नमुन्यांचे डबे. बोटभर बर्फ, लेबलावरची शाई पुसलेली. मोजलं नसतं तर तो अजून दहा वर्षं चालला असता.

जुनीवेस:
फ्रीझर बंद करायला मीटर पुरला ना? मग ग्लोबल हेक्टर, ते फूटप्रिंटचं जमिनीतलं माप, कशाला? हरित परीक्षणाच्या समितीत मी दोनदा बसलोय. पहिल्या वेळी मुलांचा रोजचा प्रवास धरला होता, दुसऱ्या वेळी वगळला. आकडा निम्म्यावर आला आणि अहवालात 'लक्षणीय घट' असं छापलं. एकही दुचाकी कमी झालेली नव्हती. त्या कागदावर माझी सही आहे, अजून बोचते.

टँकरपाळी:
मी लातूरची. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते पाहिलेली. वसतिगृहात रात्री दोनला टँकर आला की बादल्या घेऊन तीन जिने उतरायचो. तुमच्या त्या हेक्टरांत बोअरचं उपसलेलं पाणी येतच नाही. मग आमच्याकडे ते मोजून करायचं काय? कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आवारातले तलाव-विहिरी सांभाळल्या, ते खरं काम.

मीटरवाला:
पाणी त्यात येत नाही, मान्य. ते वेगळं मोजावं लागेल. पण म्हणून बाकीचं सोडून द्यायचं?

खरकटं:
मेसचं कुणी बोलणार आहे का? आमच्याकडे दुपारी दीडनंतर ताटं धुवायच्या जागी दोन निळे पिंप भरतात. भात, तुटलेल्या पोळ्या, वर दुधीची भाजी तशीच. मुलं माजलीत, दुसरं काही नाही.

टँकरपाळी:
माजलीत? कच्च्या पोळ्या खाऊन दाखवा आधी! कंत्राटदार पहाटे लाटून ठेवतो, दुपारी त्या चामड्यासारख्या होतात. मी चार वर्षं खाल्ल्यात.

खरकटं:
मीही मेस कमिटीत होतो. 19 किलोचा सिलिंडर दिवसाला किती लागतो माहितीये? गरम पोळ्या हव्यात तर माणसं वाढवा, मग महिन्याचे पैसे वाढले की मोर्चा तुम्हीच काढणार.

टँकरपाळी:
मोर्चा काढलाच होता आणि पुन्हा काढीन. बापाने सोयाबीन विकून मेसचे पैसे भरलेत. फेकताना हात थरथरायचा, तरी घशाखाली उतरत नव्हतं. माज म्हणू नका.

खरकटं:
शब्द मागे घेतो. पिंप मात्र रोज भरतात, ते खोटं नाही.

जुनीवेस:
विषय कुठच्या कुठे गेला. तरी पिंपाचं वजन करा, हे मला पटतं. तिथे सल्लागार लागत नाही.

मीटरवाला:
मग तेच मोजणं झालं की! त्या भाताच्या मागे शेत आहे, डिझेल आहे, सिलिंडर आहे.

जुनीवेस:
बरं, एवढं मानतो. पण काय धरायचं, काय नाही, हे आधी लेखी ठरवा आणि पाच वर्षं बदलू नका. प्रवास धरला तर दरवर्षी धरा. आकडा वाढला तरी तोच छापा. त्याशिवाय माझी सही मिळणार नाही.

टँकरपाळी:
आणि पाण्याचा रकाना पहिल्या पानावर.

खरकटं:
सोमवारी दीडला काटा घेऊन या. पिंप मी धरतो.