बी विंग रहिवासी ग्रुप: ‘सेव्हरन्स’ आणि लिफ्ट

मंजिरी ४०२: काल रात्री ‘सेव्हरन्स’ सिरीजचा शेवट इथे कोणी टाकला? मुलाच्या दहावीमुळे आठव्या एपिसोडवर थांबले होते, आता कळलं की मार्क बायकोला दाराबाहेर काढतो आणि स्वतः ऑफिसातल्या हेलीकडे पळतो. काय बघू मी आता?

निखिल ६०१: सॉरी ताई 🙏 पण २१ मार्च २०२५ ला आलाय तो, किती दिवस झाकायचा

तृप्ती ५०३: मंजिरी, मी अजून पहिल्या सीझनवर आहे. होते.

देशपांडे काका १०१: लिफ्ट कालपासून तिसऱ्या मजल्यावर अडकते. देखभालीचा वार्षिक करार, एएमसी, संपली आहे. कमिटीने उत्तर द्यावे.

शुभदा काकू २०४: कुठल्या चॅनेलला लागते ही?

निखिल: अ‍ॅपल टीव्हीवर काकू. डोक्यात चिप बसवतात, ऑफिसच्या लिफ्टने खाली गेलं की घरचं काही आठवत नाही, बाहेर आलं की ऑफिसचं

शुभदा काकू: आमच्या ह्यांनी बँकेत तीस वर्षं हेच केलं, विनाचिप

देशपांडे काका: पुन्हा सांगतो, लिफ्ट.

संजय ३०१: आयडिया वाईट नाही, घरी ऑफिसचं टेन्शन नाही

तृप्ती: दादा तुम्ही एचआरवाले, तुम्हाला आवडणारच. ऑफिसात अडकलेल्या आतल्या माणसाचा विचार करा ना, त्याला झोप नाही की रविवार नाही, संध्याकाळी लिफ्टचं दार बंद झालं आणि उघडलं की लगेच दुसरी सकाळ. आतली हेली राजीनामा द्यायला जाते तर तिचीच बाहेरची हेली नाही म्हणते, व्हिडिओ पाठवून. स्वतःच स्वतःची मालकीण!

संजय: काम कोणालाच नको असतं मॅडम

तृप्ती: मग ते टार्गेट पूर्ण केल्यावर वॅफल पार्टी देतात तसंच चालायचं. आपण वॉचमनला दिवाळीत सोनपापडी देतो तसं

संजय: कमिटीबद्दल बोलायचं तर मीटिंगला येत जा. गेल्या तीनही मीटिंगला ५०३ गैरहजर.

शुभदा काकू: भांडू नका गं. मुलगी न्यू जर्सीत होल्मडेलजवळ असते ना, ती म्हणते सिरीजमधलं ते ऑफिस म्हणजे बेल लॅब्ज या संशोधन संस्थेची जुनी बिल्डिंग, आता आत दुकानं न लायब्ररी आहे, नातू तिथे धावत असतो

निखिल: काकू फोटो टाका!! तिथे शूटिंग झालंय

मंजिरी: नको. परत कोणीतरी काहीतरी सांगेल.

देशपांडे काका: लिफ्ट. तिसरा मजला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली माणसं आहेत इथे.

संजय: काका मेकॅनिक उद्या ११ ला येतोय.

देशपांडे काका: आणि एएमसी?