परदेशातील चाहत्यांना वाईट बातमी कशी कळवावी?

बेसवाला_कोथरूड

नमस्कार. आमचा चौघांचा रॉक बँड पुण्यात गेली सात वर्षे स्वतःच्या बळावर चालू आहे. पाठीशी कोणतीही संगीत कंपनी नाही. आम्ही मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत गाणी करतो, आणि आमचे निम्म्याहून अधिक श्रोते भारताबाहेरचे आहेत. पोलंड, ब्राझील, जपान आणि अमेरिकेतील ही मंडळी मराठी ओळींचा अर्थ पत्र लिहून विचारतात, याचे आम्हाला फार अप्रूप आहे.

दुसऱ्या अल्बमच्या व्हिनाइल तबकडीसाठी 212 जणांनी आगाऊ पैसे भरले असून त्यांतील 143 जण परदेशातील आहेत. गेल्या आठवड्यात कारखान्याकडून चाचणीची तबकडी आली. ती रात्री ऐकायला बसलो, तर दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात, नेमक्या शांत जागी, दर फेरीला एकदा 'टक्' असा आवाज येत होता. ती तबकडी आम्ही नामंजूर केली. साचा नव्याने करायचा म्हणजे किमान चार महिने उशीर होणार. त्यातच आमचा ड्रमर पुढील शिक्षणासाठी कॅनडाला निघाला आहे.

एका मित्राने 'काही अपरिहार्य कारणांमुळे' अशी सुरुवात असलेले निवेदन लिहून दिले आहे, पण ते पाठवायला हात धजावत नाही. सगळे खरे कारण सांगावे का, आणि किती सांगावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नदीकाठचा_श्रोता

तुमचा हात धजावत नाही, हे योग्यच आहे. तो मसुदा बाजूला ठेवा. ज्या माणसाने हजारो किलोमीटरवरून तुमच्यावर विश्वास ठेवून पैसे भरले, त्याला 'अपरिहार्य कारणे' सांगणे म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याशी खिडकीतून बोलणे होय.

या बाबतीत मला नेहमी मॅरिलियन या इंग्लिश बँडची आठवण होते. 1979 मध्ये एल्सबरी येथे सुरू झालेला हा बँड ऐंशीच्या दशकात ईएमआय या मोठ्या कंपनीकडे होता, परंतु 1995 मध्ये तो करार संपला. 1997 मध्ये नवा अल्बम आला तेव्हा अमेरिकेतील चाहते इंटरनेटवरील आपल्या मेलिंग लिस्टवर विचारू लागले की बँड आमच्याकडे का येत नाही. कीबोर्ड वाजवणारे मार्क केली ती चर्चा वाचत असत. त्यांनी सरळ लिहून टाकले की अमेरिकेच्या दौऱ्यात सुमारे 60,000 डॉलरचे नुकसान होते आणि ते भरून देणारे आता कोणी नाही. पैसे मागण्याचा त्यांचा हेतू नव्हता. विचारलेल्या प्रश्नाचे त्यांनी आकड्यासह खरे उत्तर दिले, एवढेच. चाहत्यांनी आपण होऊन खाते उघडले, तेवढी रक्कम जमवली, आणि दौरा झाला. वर्गणी देणाऱ्यांनी तिकिटेही वेगळी काढली.

पुढचा प्रसंग मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. 2001 च्या 'ॲनोरॅकनोफोबिया' या अल्बमसाठी बँडने स्वतःच चाहत्यांना लिहिले की ध्वनिमुद्रण व्हायच्या आधी पैसे भराल का, आणि बारा हजारांहून अधिक लोकांनी एकही सूर न ऐकता पैसे भरले. लोकांकडून आगाऊ पैसे जमवून देणारे किकस्टार्टर हे संकेतस्थळ 2009 मध्ये सुरू झाले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या विश्वासाची किंमत कळते. 2004 च्या 'मार्बल्स'च्या खास आवृत्तीत तर आगाऊ पैसे भरणाऱ्यांची नावे छापली गेली. 1997 मध्ये जर केली यांनी 'काही कारणास्तव दौरा शक्य नाही' असे लिहिले असते, तर यांतील काहीही घडले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून तुम्ही तो 'टक्' आवाज लिहा. कोणत्या बाजूला, कोणत्या गाण्यात, कसा येतो ते लिहा. व्हिनाइल विकत घेणारा माणूस कान देऊन ऐकणारा असतो. सदोष तबकडी तुम्ही नाकारलीत, हे कळल्यावर तो चार महिने आनंदाने थांबेल. ज्याला थांबायचे नसेल त्याला पैसे परत मिळतील, हे मात्र पहिल्या परिच्छेदातच असू द्या.

टपालपेटी

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. व्यवहारातल्या काही गोष्टी सांगतो, कारण मी हस्तकलेच्या वस्तू परदेशी पाठवतो.

तारीख कधीही केवळ आकड्यांत लिहू नका. 05/06 म्हणजे आपल्याकडे 5 जून, पण अमेरिकेत तोच 6 मे होतो. महिन्याचे नाव अक्षरांतच लिहावे. थेट प्रक्षेपण करून बातमी देणार असाल तर वेळ नीट निवडा. आपल्या रात्रीच्या 9 वाजता ब्राझीलमध्ये साओ पाउलोला दुपारचे 12:30 झालेले असतात, पण जपानमध्ये मध्यरात्र उलटून 12:30 झालेले असतात. पोलंडसह संपूर्ण युरोपीय संघात 1 जुलै 2021 पासून कमी किमतीच्या पार्सलवरही कर लागतो, आणि अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतची सूट 29 ऑगस्ट 2025 पासून बंद केली आहे. हा भुर्दंड तुम्ही भरणार की घेणारा भरणार, हे याच पत्रात सांगा. टपालवाला दारात उभा राहून पैसे मागू लागल्यावर ते कळले, तर उशिराहून अधिक मनस्ताप त्याचाच होतो.

आणि समाजमाध्यमांवर विसंबू नका. तेथील बातमी कोणाला दिसेल, हे आपल्या हाती नसते. बँडकँप या संगीतविक्रीच्या संकेतस्थळावर विक्री केली असेल तर ज्या खरेदीदारांनी संमती दिली आहे त्यांचे ईमेल पत्ते तुम्हाला उतरवून घेता येतात. पत्र तिकडे पाठवा.

समुद्राकाठी_मराठी

मी नेदरलँड्समध्ये राहते. येथे पोर्ट झेलांड या समुद्रकाठच्या सुट्टीच्या ठिकाणी मॅरिलियनचा चाहत्यांसाठीचा तीन दिवसांचा मेळा भरतो, त्याला मी एकदा गेले होते. माझ्या शेजारचे गृहस्थ चिलीहून आले होते. त्यांनी मला मॅरिलियनच्या पत्रांबद्दल ज्या आपुलकीने सांगितले, तसे लोक घरच्यांच्या पत्रांबद्दल सांगतात.

नदीकाठचा_श्रोता यांच्या म्हणण्याला मात्र एक मर्यादा घालावीशी वाटते. मॅरिलियनकडे ईएमआयच्या काळात जमलेला मोठा श्रोतृवर्ग होता. 143 जणांकडून तशा चमत्काराची अपेक्षा ठेवून पत्र लिहू नये. दुसरे म्हणजे, तबकडीचा दोष ही तुमची बातमी आहे, पण ड्रमरचे जाणे ही आधी त्याची बातमी आहे. काय सांगायचे आणि काय नाही, हे त्याला ठरवू द्या. शक्य असल्यास त्याच्याच शब्दांत सांगा.

मॅरिलियनचाच आणखी एक दाखला देते. 2021 च्या शरद ऋतूतील ब्रिटनच्या दौऱ्यात कोणाला कोविड झाला तर विमा मिळणार नव्हता. तेव्हा त्यांनी चाहत्यांना धोका समजावून सांगितला आणि नुकसान झाले तर भरून काढण्यासाठी आगाऊ रक्कम मागितली. दौरा सुखरूप पार पडल्यास ती परत मिळणार होती. मागणे काय, कशासाठी, आणि परत केव्हा, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांगितलेल्या होत्या. तुमच्या पत्रातही तसेच असावे.

बेसवाला_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. काल तालमीच्या खोलीत चौघांनी बसून पत्र नव्याने लिहिले. सुरुवात अशी आहे: 'तुमची तबकडी चार महिने उशिरा येईल. तोपर्यंत थांबायचे नसल्यास या पत्राला एका ओळीचे उत्तर द्या, आम्ही पूर्ण रक्कम परत करू.' त्यानंतर कारण, महिन्याच्या नावासह नवी तारीख आणि कराचा तपशील दिला आहे. ड्रमरने आपल्या चार ओळी स्वतः लिहिल्या. आम्ही त्यांतील एकही शब्द बदललेला नाही. मजकूर इंग्रजीत आहे आणि खाली मराठीतही ठेवला आहे, कारण जपानमधील एका श्रोत्याने मागे तशी इच्छा कळवली होती. चाचणीच्या तबकडीवरचे ते वीस सेकंदही सोबत जोडले आहेत, 'टक्' आवाजासह. शुक्रवारी दुपारी पत्र पाठवत आहोत.